जिप्सीचा कापडी हूड काढून हार्ड टॉप बसवताना: नव्या मालकांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सेकंडहँड मारुती जिप्सी घेणाऱ्या मुंबईकरांपैकी अनेकांच्या वाट्याला कॅनव्हासच्या हुडाची, म्हणजे सॉफ्ट टॉप गाडी येते, आणि पहिल्याच पावसाळ्यात पुढच्या काचेच्या वरच्या कडेतून मांडीवर पाणी ठिबकू लागले की हार्ड टॉपचा विचार सुरू होतो. हे काम फार अवघड नाही. मात्र त्याचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. आधी फायबरचा टॉप विकत घेतला जातो, मग तो बसवणारा शोधला जातो, मग गाडीचा पत्रा कुजला असल्याचे लक्षात येते आणि सर्वांत शेवटी, नाकाबंदीत गाडी अडवली गेल्यावर, आरसीवर नेमके काय लिहिले आहे ते वाचले जाते. आधी कागद, मग पत्रा आणि त्यानंतर छत, हा सरळ क्रम पाळला तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

कोणता बदल करण्याजोगा आहे

ऑफ-रोड गाडीचा बॉडी प्रकार बदलणे या एका नावाखाली तीन अगदी वेगळी कामे येतात. कापडी छत काढून त्याच बॉडीवर कडक छत बसवणे हे पहिले. यात चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, हात लागत नाही आणि जवळजवळ सगळे काम नट-बोल्टवर भागते. याच्या उलट, हार्ड टॉप उतरवून गाडी उघडी करणे हे दुसरे. लांब गाडी कापून आखूड करणे किंवा मागचा भाग कापून तिचा पिकअप बनवणे हे तिसरे, आणि त्याचा विचार नवशिक्याने पूर्णपणे सोडून द्यावा, कारण कापून पुन्हा जोडलेली चॅसी कितीही चांगली वेल्ड केली तरी तिच्या ताकदीची हमी कोणी देत नाही आणि आरटीओत ती मान्यही होत नाही. दुसरे काम शक्य असले तरी मुंबईच्या हवेत मला ते शहाणपणाचे वाटत नाही. वर्षाचे चार महिने गाडी झाकून ठेवावी लागते, शिवाय उतरवलेला टॉप ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतोच. सोसायटीच्या गच्चीवर तो ठेवण्यास सेक्रेटरी होकार देतील अशी आशा न धरलेली बरी.

जिप्सी या कामाला सोयीची आहे, याचे कारण तिच्या इतिहासात आहे. १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह ती बाजारात आली, १९९६ मध्ये १.३ लिटरच्या इंजिनाची ‘जिप्सी किंग’ आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. कंपनीने ही गाडी सॉफ्ट टॉप आणि हार्ड टॉप अशा दोन्ही रूपांत विकली आणि दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, २३७५ मिलिमीटरच राहिला. म्हणजे आपण गाडीला जे रूप देऊ पाहतो ते कारखान्यानेच कधीतरी दिलेले आहे. पहिल्या पिढीच्या महिंद्र थारच्या मालकांना हा आधार नाही, कारण २०१० पासूनची ती गाडी कारखान्यातून कापडी छतासहच बाहेर पडत असे आणि तिच्यावर दिसणारे बहुतेक कडक टॉप बाहेरून बसवलेले असतात. २०२० च्या नव्या थारमध्ये दोन्ही रूपे कंपनीनेच दिली, पण तेथे वॉरंटीचा प्रश्न येतो. तेव्हा छत बदलण्यापेक्षा हवी ती गाडीच निवडून घ्यावी.

पहिला टप्पा: कागदपत्रे

आरसी हातात घेऊन बॉडीचा प्रकार, आसनक्षमता, गाडीचे रिकामे वजन आणि रंग या चार नोंदी वाचाव्यात. लष्कराच्या लिलावातून आलेल्या, म्हणजे डिस्पोजलच्या गाड्यांत आणि परराज्यातून एनओसी घेऊन आलेल्या गाड्यांत या नोंदी प्रत्यक्ष गाडीशी जुळत नाहीत असे बरेचदा आढळते. जुनी विसंगती आधी दुरुस्त करून घ्यावी, तिच्यावर नवा बदल चढवू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘सगळेच लावतात, कोणी काही विचारत नाही’ हे गॅरेजच्या गाळ्यावरचे आश्वासन म्हणूनच ऐकून सोडून द्यावे. अपघात झाला की विचारणारे बरेच निघतात.

यातून नवशिक्याने घ्यायचे धोरण सोपे आहे. आपल्या वर्षाच्या आणि मॉडेलच्या जिप्सीचे हार्ड टॉप रूप कंपनीने विकले होते हे दाखवणारे माहितीपत्रक किंवा मालकपुस्तिकेचे पान मिळवावे, ते जोडून आपली गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे (ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली) तेथे काम सुरू करण्यापूर्वी लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नये. उत्तर नकारार्थी आले तर विषय तेथेच संपतो. चांगला, दुहेरी अस्तराचा नवा कॅनव्हास हूड शिवून घ्यावा आणि टॉपचे पैसे गंजाच्या कामावर लावावेत. परवानगी मिळाली तर बदल झाल्यापासून १४ दिवसांच्या आत तो कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते, ही मुदत लक्षात ठेवूनच गाळेवाल्याशी तारखा ठरवाव्यात. गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची लेखी संमतीही लागते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी होऊन तिचे नूतनीकरण होते. आता रस्त्यावर असलेल्या बहुतेक जिप्सी या वळणाच्या पुढे गेल्या आहेत किंवा त्याच्या जवळ आहेत. पासिंग तोंडावर आले असेल तर ते आधी आहे त्या रूपात उरकावे आणि छताचा अर्ज नंतर करावा; दोन्ही एकत्र गुंतवले की दोन्ही अडकतात.

दुसरा टप्पा: पत्रा आणि चौकट

कापडी छत गाडीचे दोष पोटात घालते, कडक छत ते उघडे पाडते. बॉडी थोडी पिळलेली असली तरी कॅनव्हास ओढून बसतो. फायबरचा टॉप मात्र एका कोपऱ्यात टेकतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोटभर उचललेला राहतो. म्हणून टॉप पाहायला जाण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर उभी करून, चारही टायरांत सारखी हवा भरून, मागच्या उघड्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. दोहोंत पाच-सहा मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आला तर बॉडी आणि चॅसीच्या मधले माउंटिंगचे रबर तपासावेत. जुन्या गाडीत ते दबून चपटे झालेले असतात किंवा एखाद्या जागी त्यांच्याखालचा पत्राच उरलेला नसतो. पुष्कळदा नुसते रबर बदलून कर्ण जुळतात आणि दरवाजेही नीट लागू लागतात.

गंज शोधण्यासाठी स्क्रू ड्रायव्हरची मूठ पुरते. पुढच्या काचेच्या चौकटीचे खालचे दोन्ही कोपरे, त्या चौकटीचे बिजागर, चालकाच्या पायाखालची फरशी, मागच्या चाकांवरचा पत्रा आणि डिकीच्या दरवाजाची खालची कड या जागी मुठीने हलकेच ठोकत जावे. धड पत्रा टणटणतो, आतून कुजलेला पत्रा बद्द आवाज करतो, आणि जेथे रंगाला फोड आलेला असेल तेथे टोकाने दाबले तर स्क्रू ड्रायव्हर कधी कधी आरपार जातो. असे झाले तर वाईट वाटून घेऊ नये. छत बसल्यावर ते कळण्यापेक्षा आता कळलेले चांगले. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत काचेच्या चौकटीचे कोपरे सर्वांत आधी जातात आणि नेमका तेथेच हार्ड टॉपचा पुढचा भार येतो. डेंटरने त्यावर पुटी भरून रंग मारण्याचा प्रस्ताव ठेवला तर तो नाकारावा. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्यावा, आतून-बाहेरून गंजरोधक प्रायमर लावावा आणि काम चालू असतानाचे फोटो मागून घ्यावेत.

हे काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत संपवणे उत्तम. दमट हवेत रंगही नीट बसत नाही आणि फायबरचे रेझिनही नीट सुकत नाही. शिवाय मे महिन्यात प्रत्येक गाळ्यासमोर पावसाळ्याच्या तयारीच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्या घाईतले काम घाईचेच होते.

तिसरा टप्पा: टॉपची निवड

बाजारात तीन प्रकार मिळतात: भंगारात निघालेल्या गाडीचा मूळ टॉप, साच्यातून काढलेला नवा फायबर टॉप आणि पत्र्याचा घडवून घेतलेला टॉप. पत्र्याचा टॉप जड असतो, उन्हात तापतो आणि जोडावर गंजतो. मूळ टॉप मिळाला तर तोच घ्यावा, कारण त्याचे माप, काचा आणि बिजागर कारखान्याचे असतात आणि आरटीओच्या निरीक्षकासमोर त्याची बाजू भक्कम असते. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांची चौकशी करता येते, मात्र गाडी कोणत्या क्रमांकाची होती याचा उल्लेख असलेली रीतसर पावती घ्यावी. पावती नाही असे उत्तर मिळाले तर टॉप कितीही छान असला तरी परत फिरावे. रबर, बीडिंग आणि फिटिंगचे सामान नवेच घ्यायचे असते, त्यासाठी ऑपेरा हाउस परिसरातील सुट्या भागांची दुकाने पाहावीत.

नवा फायबर टॉप तपासताना तो उन्हात उभा करून आतून पाहावा. जेथे भाग जाड-पातळ झाला आहे तेथे उजेड कमी-अधिक झिरपतो आणि काचतंतूंची मॅट कोठे संपली तेही दिसते. कडा आणि बोल्टच्या जागा मधल्या भागापेक्षा जाड हव्यात, छताच्या आतून आडव्या पट्ट्या घातलेल्या हव्यात, आणि मधोमध तळव्याने दाबल्यावर छत लवू नये. जवळ गेल्यावर रेझिनचा उग्र वास येत असेल तर टॉप अजून पुरता सुकलेला नाही; असा टॉप उन्हात वाकडा होतो. त्याच्या काचा प्रमाणित सुरक्षा काचेच्याच असाव्यात. नियमानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. काळ्या काचांचा आकर्षक सेट म्हणून जे दाखवले जाते ते घेऊन आपण आणखी एका दंडाला आमंत्रण देतो.

बाजूच्या काचा सरकणाऱ्या असणे मुंबईत आवश्यकच समजावे. एसी नसलेल्या जिप्सीत न उघडणाऱ्या काचांचा टॉप बसवला तर ऑक्टोबरच्या उन्हात शीवच्या सिग्नलला उभे राहताना कापडी हुडाची आठवण येईल.

दरवाजांकडे दुर्लक्ष होते. सॉफ्ट टॉप गाडीच्या दरवाजाचा वरचा भाग कापडाचा आणि प्लॅस्टिकच्या खिडकीचा असेल तर नुसता टॉप आणून भागत नाही. वरखाली होणाऱ्या काचेचे पूर्ण दरवाजेही लागतात. तसेच मागे अर्ध्या उंचीचा दरवाजा असेल तर पूर्ण उंचीचा दरवाजा आणि त्याचे बिजागर लागतात. अनेकांचा अंदाजपत्रकातील हिशेब चुकतो तो येथेच, म्हणून टॉपची किंमत विचारताना दरवाजांसह विचारावी.

चौथा टप्पा: सुकी जुळणी

जुना हूड उतरवताना कमानी, हुक आणि पट्टे वेगवेगळ्या पिशव्यांत घालून त्यांवर नाव लिहावे. रोल बार, म्हणजे आसनांमागची पोलादी कमान, असेल तर तो काढू नये, कितीही अडचणीचा वाटला तरी. फायबरचा टॉप पाऊस अडवतो, गाडी उलटल्यास डोके वाचवत नाही. सीटबेल्टचा वरचा टेकू पोलादी बॉडीवर किंवा रोल बारवरच हवा. तो फायबरमध्ये बसवून देण्याची तयारी दाखवणाऱ्या कारागिराकडे काम देऊ नये.

टॉप चार माणसांनी उचलावा. दोघांनी उचलला की तो मधोमध वाकतो आणि कोपऱ्यांत केसाएवढ्या भेगा पडतात, ज्या पुढे रंगातून वर येतात. तो प्रथम कोणतेही बीडिंग किंवा सीलंट न लावता नुसता ठेवायचा असतो. पुढची कड काचेच्या चौकटीवर मध्यावर आणावी, मग मागची कड मध्यावर आणावी, त्यानंतर दोन्ही बाजूंच्या फटी पाहाव्यात. दोन्ही दरवाजे उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहावेत. बीडिंगची जाडी धरून चहूकडे फट सारखी दिसेपर्यंत टॉप मिलिमीटर-मिलिमीटर सरकवावा आणि या कामाला एक अख्खी सकाळ द्यावी. टॉप कोठेही ओढून-दाबून बोल्टला आणावा लागत असेल तर बोल्ट लावू नये, कारण त्या ताणातूनच पुढे भेग जाते. बाजाराची घाई असलेले कारागीर या टप्प्यावर ‘बोल्ट आवळला की बसेल’ असे सांगतात. ते बसत नाही.

समाधान झाले की भोकांच्या जागा मार्करने आखाव्यात. सॉफ्ट टॉपच्या बॉडीत आधीची भोके जेथे असतील तेथे तीच वापरावीत. नवे भोक पाडावे लागले तर ड्रिलचा चुरा ब्रशने झाडून, भोकाच्या उघड्या धातूवर लगेच प्रायमर लावावा. हा चुरा पन्हळीत राहिला तर दोन पावसांत तेथे तांबूस ओघळ दिसू लागतात.

पाचवा टप्पा: सील आणि बोल्ट

आत येणारे पाणी वरून कमी आणि जोडातून जास्त येते. टॉप आणि बॉडी यांच्यामध्ये स्पंजासारखे दबणारे रबरी बीडिंग एकसंध लावावे. त्याचे जोड मागच्या बाजूला, खालच्या अंगाला घ्यावेत, पुढच्या काचेवर कधीही घेऊ नयेत, कारण वेगात पाऊस नेमका तेथेच आदळतो. बाहेरच्या कडेला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची अखंड रेघ ओढावी. हाताशी असते म्हणून साधे सिलिकॉन लावले जाते, पण त्यावर रंग धरत नाही आणि पुढे ते खरवडून काढणे हे स्वतंत्र काम होऊन बसते.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि फायबरच्या बाजूने मोठ्या व्यासाचे वायसर घालावेत, म्हणजे दाब पसरतो. साध्या पत्र्याला स्टेनलेसचा बोल्ट थेट टेकला आणि त्यात खारे पाणी गेले की पत्रा लवकर गंजतो, म्हणून तेथे रंगाचा थर शाबूत ठेवून थोडे ग्रीस लावावे. आवळण्याचा क्रम पुढच्या मध्यापासून दोन्ही बाजूंनी मागे असा असावा. पहिल्या फेरीत सगळे बोल्ट हाताने, दुसऱ्या फेरीत पान्याने बीडिंग निम्मे दबेपर्यंत. त्याहून अधिक जोर लावल्यास फायबर चिरडते.

मागच्या दरवाजावर स्टेपनी टांगायची असेल तर तिचा भार बॉडीच्या पोलादी खांबावरील बिजागराने पेलला पाहिजे. नंबरप्लेट, तिचा दिवा आणि मागचे दिवे नव्या दरवाजाआड जात नाहीत ना, तेही याच वेळी पाहावे.

सहावा टप्पा: चाचणी

सीलंट पूर्ण सुकल्यावर एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने पाइपने पाणी मारावे, आधी खालच्या जोडांवर आणि हळूहळू वर सरकत. वरून सुरुवात केली तर पाणी कोठून शिरते ते कळत नाही. आत बसणाऱ्याने विशेषतः काचेच्या चौकटीचे दोन कोपरे आणि मागच्या दरवाजाची वरची कड यांवर नजर ठेवावी. त्यानंतर गाडी एखाद्या खराब रस्त्यावर फिरवून आणावी, त्यासाठी लोणावळ्यापर्यंत जाण्याची गरज नाही, आणि परतल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. पहिल्या धक्क्यांत बीडिंग बसते आणि बोल्ट किंचित सैल होतात. टॉप कुरकुरत असेल तर आवाजाच्या जागी बीडिंग नीट बसलेले नाही एवढाच त्याचा अर्थ.

एक धोका मात्र चाचणीत दिसत नाही. मागची काच उघडी ठेवून पुढच्या काचा बंद केल्या तर धावत्या गाडीच्या मागे तयार होणाऱ्या पोकळीमुळे सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. हवा हवी असेल तर पुढच्या काचा आधी उघडाव्यात.

गाडी घरी आणण्यापूर्वी इमारतीतील पार्किंगची उंची मोजावी, विशेषतः यांत्रिक पार्किंग असेल तर. टॉपवर कॅरियर बसवण्याचा मोह झालाच तर ही उंची आणखी वाढते, आणि फायबरच्या टॉपवर कॅरियरचा भार तसाही टाकू नये.

शेवटचे काम: नोंद आणि विमा

आरटीओत गाडी दाखवताना परवानगीचे पत्र, टॉपची पावती, कामाचे बिल आणि पत्र्याच्या दुरुस्तीचे फोटो एका फाइलमध्ये न्यावेत. आरसीवर नोंद झाली की तिची प्रत जोडून विमा कंपनीला लेखी कळवावे आणि त्यांच्याकडून पोच घ्यावी. दाव्याच्या वेळी फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर कापला जात नाही. टॉपची किंमत विम्यात स्वतंत्रपणे नोंदवायची की नाही ते हा हिशेब पाहून ठरवावे.

जुना हूड विकू नये. आरसीवरची मूळ नोंद त्याच्याच नावाची होती आणि पुढचा मालक कदाचित तोच मागेल. तो धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, प्लॅस्टिकच्या खिडक्यांवर शंखजिऱ्याची पूड भुरभुरून, घडी न घालता गुंडाळून ठेवावा. घडी घातल्यास खिडक्या नेमक्या त्या रेषेवर तडकतात.